रोज ११ किलोमीटर जायला ८५ हजारांची सायकल घ्यावी का? (नाशिक, पंचवटी ते सातपूर)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आडगाव नाक्याजवळ राहते, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. जनरल शिफ्ट. घरापासून गेटपर्यंत साधारण ११ किलोमीटर. आत्तापर्यंत स्कूटरने जात होते. गेल्या हिवाळ्यात भावाची जुनी गिअरची सायकल पडून होती, ती घेऊन अधूनमधून कामाला गेले आणि मनापासून आवडलं. त्र्यंबक नाक्यापर्यंत जीव मुठीत धरावा लागतो, पण पुढे रस्ता मोकळा लागला की सकाळची हवा काही वेगळीच असते. आता भावाला सायकल परत हवी आहे, म्हणून स्वतःची घ्यायची आहे आणि रोज वापरायची आहे.

दुकानात दोन सायकलींवर येऊन थांबले. एक ३२ हजारांची हायब्रीड (रोड सायकल आणि माउंटन सायकल यांच्या मधली). अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे सस्पेन्शन नाही, गिअर तीन गुणिले आठ, केबलचे डिस्क ब्रेक, वजन १४ किलोच्या आसपास. दुसरी ८५ हजारांची. कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), हायड्रॉलिक ब्रेक, गिअर पुढे दोन, मागे दहा, वजन साडेदहा किलो. दुसरी दुकानासमोर चालवून पाहिली तर उतरावंसंच वाटेना. पायडलवर पाय ठेवला की पुढे सटकते.

पैसे आहेत. बोनस आणि भिशी मिळून जमतील, हप्ते नको आहेत. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात चांगली सेकंडहँड स्कूटर येते. सासऱ्यांनी नोकरीभर जेलरोडवरून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये साध्या काळ्या सायकलवर ये-जा केली. ते विचारतात, गिअर हवेत कशाला?

माझ्या शंका अशा. पावसाळ्यात हिचं काय होईल? कंपनीचं सायकल स्टँड म्हणजे गेटबाहेर पत्र्याची शेड, तीही अर्धी उघडी, आणि तिथे कोणी बसत नाही. सोबत डबा, सेफ्टी शूज, कपड्यांचा जोड असतो. सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी रस्ते उकरलेत. रोजच्या वापरात त्या जास्तीच्या ५३ हजारांचं नक्की काय मिळतं? जे स्वतः रोज सायकलने कामाला जातात त्यांनी कृपया सांगावं.

ब्रेव्हे_नाशिक

बिनधास्त ८५ वाली घ्या. मी रविवारी लांबच्या राइड करतो, २०० किलोमीटरची ब्रेव्हेही करतो (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची राइड, ही साडेतेरा तासांत संपवावी लागते), आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्याच सायकलने कॉलेज रोडला ऑफिसला जातो.

माझं कारण साधं आहे. जी सायकल चालवायला आवडते तीच बाहेर निघते. सकाळी सहाला अंगात आळस असताना जड सायकल घराबाहेर काढायला मन धजत नाही. आणि हायड्रॉलिक ब्रेक ही चैन नाही. पावसात पुलाच्या उतारावर समोर रिक्षा आडवी आली की एका बोटाने गाडी थांबते. केबलच्या ब्रेकला तेवढा विश्वास वाटत नाही.

२०१५ साली डॉ. महाजन बंधूंनी दोघांच्या टीमने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्यानंतर आपल्या गावात सायकलकडे बघायची नजरच बदलली असं मला वाटतं. एवढी चांगली सायकल हाताळणारे मेकॅनिक आता इथे मिळतात. मेकॅनिकच्या भीतीने कमी दर्जाची घेऊ नका.

फिटर_हिरावाडी

ताई, तुमचा रस्ता तोच माझा रस्ता. हिरावाडीतून निघतो, होळकर पूल, रविवार कारंजा, सीबीएस, त्र्यंबक नाका, एबीबी सर्कल, सातपूर. एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून सायकलने जातो, आता ती डिप्लोमाला आहे. त्यामुळे जे सांगतो ते याच रस्त्याचं सांगतो.

माझं मत आधीच देतो. ८५ वाली सायकल चांगली आहे यात वाद नाही, पण तिच्यातले निम्म्याहून जास्त पैसे ज्या गोष्टीसाठी आहेत ती गोष्ट त्र्यंबक रोडवर वापरलीच जात नाही. ते पैसे दुसरीकडे घातले तर तुमची रोजची सायकल ८५ वालीपेक्षा चांगली होते.

वजनाचं बघा. तुम्ही, डबा, बूट, पिशवी मिळून ७० किलो धरू. सेफ्टी शूजच किलोभराच्या वर भरतात. १४ किलोच्या सायकलसह ८४ झाले, साडेदहाच्या सायकलसह साडेऐंशी. म्हणजे फरक चार टक्के. सपाट रस्त्यावर तो कळतही नाही, कारण तिथे पाय वजनाशी भांडत नाहीत, वाऱ्याशी भांडतात. चढावर कळतो, पण तुमच्या रस्त्यावर अंगावर येणारा चढ एकच, पुलावरून रविवार कारंजाकडे जातानाचा. तो दोन मिनिटांत संपतो. पुढे सातपूरपर्यंत हलका चढ आहे, तोही सिग्नलमध्ये तुटलेला. दोन्ही सायकलींनी गेटवर पोचायच्या वेळेत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त फरक पडायचा नाही. दुकानासमोर जी सटकते ती डबा लावल्यावर तेवढी सटकत नाही.

आता ज्या गोष्टीकडे गिऱ्हाईक बघत नाही आणि दुकानदार सहसा दाखवत नाही ती सांगतो. मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. स्वस्त गिअरच्या सायकलीला मागे फ्रीव्हील असतं, म्हणजे दात्यांचा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं आणि त्याच्या बाहेर एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) बराच तुकडा आधाराशिवाय लोंबतो. कॅरिअरवर वजन, वर खड्डा, की एक्सल वाकतो किंवा सरळ तुटतो. आमच्या शेडमध्ये असे एक्सल मी स्वतः बदललेत, लोकांना वाटतं चाकाला आऊट आलाय, म्हणजे चाक वाकडं फिरतंय. कॅसेटचा हब असेल, म्हणजे दात्यांचा गठ्ठा आट्यांऐवजी हबवर सरकवून बसवलेला, तर उजवं बेअरिंग एक्सलच्या टोकाशी असतं, लोड दोन्ही बाजूंना नीट वाटला जातो. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीत आणि तुमच्या ३२ हजारांच्या सायकलीत खरा फरक इथे असतो. इथवर पैसे मोजणं शंभर टक्के योग्य आहे. म्हणून दुकानात एवढंच विचारा, मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हील असेल तर ती सायकल सोडा आणि चार-पाच हजार वर जाऊन कॅसेटवाली घ्या.

दुसरी गोष्ट चेन. सातपूरच्या रस्त्यावर पावसाळ्यात जे पाणी उडतं ते नुसतं पाणी नसतं, खडीची बारीक भुकटी आणि डंपरमधून सांडलेली माती असते. ती तेलात बसली की चेनच्या पिना घासायला लागते. दहा स्पीडची (मागे दहा चकत्या असलेली) चेन असो की आठची, झिजायची तेवढी झिजतेच, पण आठची चेन स्वस्त, कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते, आणि तिचा कॅसेटसुद्धा. गिअर वाढत जातात तशी चेन बारीक होते आणि किंमत चढत जाते. अकरा-बारा स्पीडची चेन बरीच महाग पडते. पावसाळ्यातून चाललेली चेन दिवाळीला बदलायची हे धरूनच चाला.

बदलायची वेळ झाली हे ओळखायला हत्यार लागत नाही. तुम्ही क्वालिटीच्या, तुमच्याकडे स्टीलची पट्टी असेलच. सायकलच्या चेनचा पिच अर्धा इंच असतो, म्हणजे दोन कड्यांचा जोड एक इंच. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा, चेन ताणून धरा, आणि १२ इंचांवरची पिन बघा. नवीन चेनला ती बरोबर १२ वर येते. इंचाच्या १६ भागांपैकी एक भाग, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास पुढे सरकली की चेन बदला. दोन भाग सरकेपर्यंत थांबलात तर कॅसेटचे दातेही गेलेले असतात, मग नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते आणि दोन्हींचा खर्च येतो. आमच्यात नव्या पोरांना मी हे सायकलवरच शिकवतो, व्हर्निअर नंतर.

तिसरी गोष्ट टायर. ८५ वालीला बहुतेक २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर असेल. रस्ता गुळगुळीत असेल तर मस्त. पण आत्ता जिथे डांबर खरवडून ठेवलंय तिथे उंचवट्याच्या कडेवर बारीक टायर आपटला की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाने डसल्यासारखी दोन भोकं पडतात. ३८ चा टायर घ्या, आत पंक्चररोधक पट्टी असलेला. हवा ५५-६० पीएसआय. खड्डा टायरच खातो, मनगटाला लागत नाही. आणि पुढे सस्पेन्शन नाही हे चांगलंच आहे. या किमतीतलं सस्पेन्शन दोन-सव्वादोन किलोचं लोखंड असतं आणि दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतं.

ब्रेकच्या बाबतीत ब्रेव्हे भाऊंशी मी सहमत आहे. पावसात डिस्कच हवा. रिम ब्रेकमध्ये तीच भुकटी पॅडमध्ये रुतते आणि रिम खरवडून काढते. हायड्रॉलिक मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी ८५ पर्यंत जायची गरज नाही, ४५ हजारांच्या आत हायड्रॉलिकवाल्या हायब्रीड मिळतात. एक लक्षात ठेवा, शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. मोटरसायकलच्या मेकॅनिकने त्यात गाडीचं ब्रेक ऑइल ओतलं तर आतले सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

मग उरलेले पैसे कुठे घालायचे? चाक पूर्ण झाकणारे मडगार्ड, पुढच्याला खाली रबरी फ्लॅप. मागे कॅरिअर आणि बाजूला लटकणारी पिशवी, म्हणजे पाठीवर सॅक नको आणि पाठ भिजणार नाही. मागे-पुढे चांगले दिवे, जाड कुलूप, ते टायर. सगळं मिळून दहा-बारा हजार. ८५ वाल्या फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, हे आज जाऊन बघा. नसतील तर प्रश्नच मिटला.

आणि दिव्यांबद्दल. आपण सकाळी पश्चिमेला जातो आणि संध्याकाळी पूर्वेला येतो, म्हणजे ऊन दोन्ही वेळा आपल्या पाठीला. डोळ्यांवर येत नाही, बरं वाटतं. पण समोरून येऊन आपल्या पुढ्यात उजवीकडे वळणाऱ्या टेम्पोवाल्याच्या डोळ्यांवर तेच ऊन असतं. त्याला तुम्ही दिसतच नाही. म्हणून पुढचा लुकलुकता दिवा दिवसाही चालू ठेवा. यासाठी हजार रुपये जास्त गेले तरी द्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

शीतल_पाथर्डीफाटा

मी पाथर्डी फाट्यावरून अंबडला जाते, अंतर कमी आहे. दोन वर्षांपूर्वी ३८ हजारांची ई-सायकल घेतली. माझं कारण घाम. आमच्याकडे आंघोळीची सोय नाही आणि पोचल्या पोचल्या मीटिंगला बसावं लागतं. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर रजिस्ट्रेशन, लायसन्स काही लागत नाही. पायडल मारायचंच, चढावर मोटर मदत करते.

दोन गोष्टी आधी विचारात घ्या. वजन २२ किलो, माझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे म्हणून निभावतं. आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च मोठा असतो. ताईंना पायडल मारण्यातच आनंद आहे असं दिसतंय, तर त्यांनी साधीच घ्यावी. बायकांसाठी एक सांगते, सायकल घ्यायच्या आधी फ्रेमचा साइज नीट बघा. दुकानात जो साइज शिल्लक असतो तोच माथी मारतात. मला आधी दाखवलेली फ्रेम इतकी मोठी होती की सिग्नलला पाय टेकताना तोल जायचा. माझ्यासाठी लहान साइज मागवायला लावला, आठ दिवस थांबले.

ब्रेव्हे_नाशिक

फिटर काकांचा हिशोब बरोबर आहे, पण हिशोबात मावत नाही असंही काही असतं. ताईंनी स्वतः लिहिलंय, उतरावंसं वाटेना. त्याला किंमत नाही का? शिवाय उद्या त्या रविवारी त्र्यंबकेश्वरला किंवा गंगापूर धरणाकडे जायला लागल्या तर १४ किलोची सायकल अपुरी वाटेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्याचाही फायदा घ्या.

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. आज कामावरून परत दुकानात गेले होते. ३२ वालीला आठ स्पीडची कॅसेट आहे, स्वतः खाली बसून पाहिली. मडगार्डची भोकंही आहेत. ८५ वालीला मागे भोकं आहेत पण पुढच्या कार्बनच्या फोर्कला नाहीत, आणि टायर ३२ च्या वर बसणार नाही म्हणाले. तिसरी एक ४३ हजारांची दाखवली, हायड्रॉलिक ब्रेक, ३५ चा टायर, कॅसेट नऊची, छोटा साइज शिल्लक आहे. आता मन तिच्यावर आलंय. ब्रेव्हे दादा, तुमचं म्हणणं पटतं, पण रविवारची सायकल आणि रोजची सायकल एकच असावी असा माझा हट्ट नाही.

फिटर काका, दोन प्रश्न राहिले. चोरीचं काय करायचं? आणि सासऱ्यांना गिअरचं काय सांगू? ते आमच्या घरात सायकलचे खरे जाणकार आहेत, त्यांचं म्हणणं मला डावलायचं नाही.

फिटर_हिरावाडी

४३ वाली घ्या. नऊची चेन आठच्या चेनपेक्षा थोडी महाग, पण आवाक्यातली.

सासऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. जेलरोड ते प्रेस अंतर थोडं आणि रस्ता सपाट, तिथे गिअर लागतच नाहीत. आणि त्यांच्या काळ्या सायकलीकडे अशी एक गोष्ट होती जी या तिन्ही सायकलींकडे नाही: चेनवरचं पूर्ण बंद कव्हर. चिखल आत जायचाच नाही, म्हणून ती चेन वर्षानुवर्षं चालायची. गिअरच्या सायकलीत चेन आडवी सरकावी लागते म्हणून तसं कव्हर बसत नाही. त्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि सांगा की गिअर चढासाठी नकोत, वाऱ्यासाठी हवेत. जून ते ऑगस्ट आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो आणि आपण सकाळी त्याच्यात तोंड घालून जातो. एबीबी सर्कलच्या पुढे कधी कधी वारा असा दाबतो की सपाट रस्ता चढासारखा लागतो. तिथे दोन गिअर खाली आले की पाय त्याच लयीत फिरत राहतात, गुडघ्यावर ताण येत नाही. संध्याकाळी तोच वारा घरापर्यंत ढकलत आणतो.

चोरीचं सांगतो. पुढचं चाक बहुतेक खटक्याच्या दांडीवर असेल, हाताने उघडतं. ती दांडी काढून अॅलन कीवाला बोल्ट बसवून घ्या, दोनशे-तीनशे रुपयांचं काम. कुलूप यू आकाराचं घ्या आणि ते मागचं चाक, फ्रेम आणि शेडचा खांब तिन्ही धरेल असं लावा. नुसतं चाकाला लावलेलं कुलूप म्हणजे सायकल उचलून टेम्पोत टाकायला मोकळी. सीटची दांडीसुद्धा खटक्याची असेल तर बोल्टची करा. बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या, तो पायडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आणि कंपनीत एक अर्ज द्या. आमच्याकडे सायकली आधी गेटबाहेर असायच्या. आम्ही पाच-सहा जणांनी मिळून एचआरला लिहून दिलं की टाइम ऑफिसच्या भिंतीलगत जागा रिकामी आहे, तिथे सिक्युरिटीच्या नजरेसमोर स्टँड हलवा. पत्रा आणि चार पाइप, वेल्डिंग आम्हीच केलं. तुमच्याकडे वर्कर लोक सायकलने येतच असतील, त्यांना सोबत घ्या. क्वालिटीच्या मॅडम आणि लाइनवरची माणसं एकाच कागदावर सही करतात तेव्हा तो कागद लवकर पुढे सरकतो.

सायकल घरी आली की महिनाभराने एकदा दुकानात परत न्या. नवीन चाकाचे स्पोक सुरुवातीला बसतात आणि सैल पडतात. आऊट काढून, स्पोक एकसारखे ताणून घ्या, गिअरची केबलही तेव्हा ताणायला आलेली असते. पहिली सर्व्हिस फुकट असते, विचारून घ्या. आणि मेकॅनिक चाक स्टँडवर फिरवत असेल तेव्हा शेजारी उभ्या राहून बघा, पुढच्या वेळी अर्धं काम तुम्हालाच जमेल.